खामफोंगचं मौन

"पंधरा दिवस! पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत तोंडातून चकार शब्द काढणार नाही!"

खामफोंगने पळी पातेल्यावर आपटून जाहीर केलं, आणि विहाराच्या स्वयंपाकघरात अशी शांतता पसरली, की तशी ध्यानाच्या मंडपातही कधी पसरली नव्हती.

ती मोडली तेंगऑनने. ती हसली. हसली म्हणजे काय, मांडीवरची चिकट भाताची टोपली घरंगळत चुलीपर्यंत जाईतो हसली.

"तू? अगं, लहानपणी तळ्यात बुडत होतीस तेव्हासुद्धा तू बोलत होतीस! नाकातोंडात पाणी जातंय आणि मला सांगतेस, दोर कसा टाकायचा!"

"आणि तू चुकीचाच टाकत होतीस!" खामफोंग म्हणाली.

दोघी एकाच गल्लीत वाढलेल्या, एकाच साली लग्न झालेल्या. नवरा गेल्यावर खामफोंगने डोकं भादरलं, पांढरी वस्त्रं घेतली, आठ शीलं घेतली आणि गावाबाहेरच्या रानातल्या विहारात मे-ची, म्हणजे व्रतस्थ साध्वी, होऊन राहिली. त्याला अकरा वर्षं झाली. तेंगऑन गावातच राहिली, पण रोज पहाटे भाताची टोपली घेऊन विहारात हजर. सोळा भिक्षू, पाच मे-ची आणि दिवसातून एकच जेवण! एकदा मीठ चुकलं की सुधारायला दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. त्यामुळे स्वयंपाकघरात शिस्त हवी, आणि खामफोंगची शिस्त तिच्या जिभेत होती. पहाटे तीनची घंटा झाली की ती सुरू व्हायची. रानातले कोंबडे नंतर आरवायचे, तेही बहुधा तिला उत्तर म्हणून.

पण गेल्या उपोसथाला, पंधरवड्याच्या व्रताच्या दिवशी, थोरले भंते ओन्सी प्रवचनात म्हणाले, "जीभ थांबली, की मन थांबतं." आणि म्हणताना त्यांनी सरळ स्वयंपाकघराकडे पाहिलं! सगळ्यांनी पाहिलं, की त्यांनी पाहिलं. ते वाक्य खामफोंगच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं.

"बोललीस तर?" तेंगऑनने विचारलं. "चीवरदानाच्या दिवशीचा स्वयंपाक माझ्या हुकमाखाली! कबूल?"

चीवरदान, भिक्षूंना वस्त्रं द्यायचा सण, म्हणजे पाच गावं, सातशे पानं. त्या दिवशी पळी कुणाच्या हातात, यावर पंचक्रोशीत माणसाची किंमत ठरते.

"मे-ची पैज लावत नाहीत," खामफोंग ताठ होऊन म्हणाली.

"मग?"

"पैज तू लाव. मी निश्चय करते."

पौर्णिमेला तिने ओठ मिटले. लिहायचंही नाही, हेही तिनेच ठरवलं होतं. 'लिहिणं म्हणजे हाताने केलेली बडबड!' हे तिचं शेवटचं वाक्य.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी एका धाकट्या मे-चीने आमटीत दोनदा मीठ घातलं, आणि ते बघताना खामफोंगच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. पण ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजीवाला बुन्थोम आपली तीनचाकी घेऊन आला.

बुन्थोम म्हणजे लॉटरीचं चालतंबोलतं दुकान. स्वप्नात हत्ती आला, लाव आकडा. सासू शिंकली, लाव आकडा. वीस वर्षांत एकदाही लागला नव्हता, पण गड्याची श्रद्धा मोठी!

"मे-ची, केळीचे घड किती उतरवू?"

खामफोंगने तीन बोटं दाखवली.

"आणि पपया?"

तिने सात बोटं दाखवली.

बुन्थोमने तीन घड उतरवले, सात पपया उतरवल्या आणि मग तो जागीच थांबला. बोलघेवडी मे-ची बोलत नाही. नुसती बोटं दाखवते. तीन. सात. आणि सोडत आज दुपारी! त्याने तीनचाकी वळवली ती थेट बाजारात.

सदतीस लागला!

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या पायरीवर चमेलीचा हार, फळांनी भरलेलं ताट, आणि त्यामागे पालथा पडलेला बुन्थोम. "मे-ची! माझ्या आई! पुढच्या सोडतीचाही सांगा!"

खामफोंगच्या हातातला बत्ता खाली पडला. तिने दोन्ही हात जोरजोराने हलवले. नाही, नाही, असलं काही नाही!

"पाच आणि पाच!" बुन्थोम किंचाळला. "पंचावन्न!" आणि पळाला.

गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? बुन्थोमची तीनचाकी जितकी पळते तितका. चौथ्या दिवशी अकरा माणसं आली, पाचव्या दिवशी चाळीस. आठव्या दिवशी तालुक्याच्या गावाहून दोन बसगाड्या आल्या! फाटकाबाहेर भाजलेल्या कोंबडीची गाडी लागली. गळ्यात तिकिटांच्या पेट्या अडकवलेले विक्रेते रांगेत उभे राहिले. भिक्षू जिथे डोळे झुकवून ध्यानात फेऱ्या घालतात, त्या वाटेवर सव्वीस मोटारसायकली उभ्या होत्या, आणि एका भिक्षूला वळण घेताना दर वेळी एका आरशात आपलंच तोंड दिसत होतं.

आणि खामफोंगने काय करावं? ती जे करील तो आकडा! खलात मिरच्या टाकल्या, लोकांनी मिरच्या मोजल्या. शिंकली, शिंका मोजल्या. हातांवर बसून राहिली, तर म्हणाले, "हात लपवले! म्हणजे पहिला आकडा लपलेला आहे!" ती चिडून संडासात जाऊन बसली, तर बाहेर कुणीतरी घड्याळ लावलं.

शेवटी लिहायचं नाही हा नियम मोडून तिने कोळशाने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : मी आकडे देत नाही. घरी जा.

लोकांनी भक्तिभावाने अक्षरं मोजली.

तेंगऑन मात्र मजेत होती. गर्दीला पाणी देत, चटया टाकत ती मधूनच खामफोंगच्या कानाशी यायची. "एकच शब्द, खामफोंग. 'निघा' म्हण. दोन अक्षरं! सगळे जातील. विहार शांत होईल. आणि चीवरदानाला मी माशाची आमटी माझ्या पद्धतीने करीन."

तेंगऑनची आमटी! सातशे लोकांना! खामफोंगने दात इतके आवळले, की दाढेत कळ आली.

तिची सगळी आशा थोरल्या भंतेंवर होती. त्यांच्या विहारात लॉटरीचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. पण भंते ओन्सी रोज दुपारी लांब झाडू घेऊन पानं लोटत होते, बस्स. गर्दीतून, मोटारसायकलींमधून, कोंबडीवाल्याच्या पायांखालून. कुणीतरी म्हणालं, "भंते, या लोकांना काहीतरी सांगा ना."

"वारा सुटला, की पानं पडायचीच," भंते म्हणाले, आणि कोंबडीवाल्याला म्हणाले, "पाय उचला जरा."

बाराव्या दिवशी दुपारी खामफोंग चिंचेखालच्या बाजेवर ध्यानाला बसली. आणखी तीन दिवस! पाठ ताठ, डोळे मिटलेले, श्वास आत, श्वास बाहेर. भोवती लोक होते, पण आज कसे कोण जाणे, सगळे गप्प होते. चिंचेच्या बुंध्याला पावडर चोळून सालीत आकडे दिसतात का ते बघण्यात ते गुंतले होते. खामफोंगचं मन हळूहळू खाली बसायला लागलं. गढूळ पाण्यातला गाळ बसावा तसं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला आतून खरोखर शांत वाटलं. इतकं शांत, इतकं मऊ, इतकं थंडगार... आणि सुगंधी.

सुगंधी?

तिने एक डोळा उघडला. एक अनोळखी म्हातारी तिच्या मागे वाकून, एका हातात पावडरचा डबा, दुसऱ्यात भिंग घेऊन, तिच्या भादरलेल्या डोक्यावर प्रेमाने पावडर चोळत होती.

"हलू नका हं मे-ची," म्हातारी पुटपुटली, "आठ दिसतोय. आठच्या शेजारी बहुतेक सहा आहे."

बारा दिवसांचा बांध फुटला!

"अगं ए बये! डोकं आहे ते माझं! डोकं! तुझ्या घरची भिंत नव्हे! आणि तुम्ही, तुम्ही सगळे! शेतात भाताची रोपं पाण्यात कुजतायत आणि तुम्ही इथे माझ्या शिंका मोजता? ए बुन्थोम, झाडामागे लपू नकोस, पोट दिसतंय तुझं! वीस वर्षांत एकदा आकडा लागला, त्याचं तू काय केलंस? पुन्हा तिकिटं घेतलीस! पोराची फाटकी चप्पल तशीच आहे! मला माहीत असता आकडा, तर अकरा वर्षं या गळक्या छपराखाली बादल्या लावत बसले असते का? पेराल ते उगवतं! मिरची लावलीत तर मिरची येईल, आणि काही नाही लावलंत तर गवत येईल, गवत! आणि ही कोंबडी फाटकाशी कोण भाजतंय? इथे माणसं एकदाच जेवतात, दुपारभर तो वास घेऊन भिक्षूंनी काय करायचं रे? श्वास आत, श्वास बाहेर?"

अशी ती पाव तास बोलली. थांबली तेव्हा चिंचेवरचे पक्षी उडालेले होते. पावडर घामाबरोबर ओघळून तिचा चेहरा भुतासारखा झाला होता.

"बोलली!" तेंगऑन मागून ओरडली. "बोलली, बोलली, बोलली!"

तेवढ्यात गर्दीतून झाडूचा आवाज आला. थोरले भंते समोर येऊन उभे राहिले. खामफोंग झटकन बाजेवरून उतरली, गुडघे टेकून तिने तीनदा नमस्कार केला. तिचं रडू फुटायच्या बेतात होतं.

"भंते, माझं मौन मोडलं. तीन दिवस राहिले होते."

"मौन?" भंते म्हणाले. "तुम्ही मौनात होता? मला वाटलं, दात दुखतोय."

"तुम्हीच म्हणालात ना, भंते! प्रवचनात! जीभ थांबली की मन थांबतं. आणि माझ्याकडे पाहिलंत!"

भंतेंनी आठवायचा प्रयत्न केला. "स्वयंपाकघराकडे पाहिलं असेन," ते जरा ओशाळून म्हणाले. "आल्याचा चहा अजून का आला नाही, ते बघत होतो."

खामफोंगने डोळे मिटून घेतले.

"बुद्धांच्या वेळी काही भिक्षू पावसाळ्याचा अख्खा वर्षावास मुके राहिले होते," भंते पुढे म्हणाले. "मोठ्या अभिमानाने त्यांनी ते सांगितलं. बुद्ध म्हणाले, मेंढरांसारखे राहिलात! बोलायचं, मे-ची. वेळ बघून, खरं आणि समोरच्याच्या भल्याचं बोलायचं. आज बोललात तसं. आवाज थोडा कमी चालला असता." त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. लोक चपला शोधायला लागले होते. बुन्थोम आपल्या पोराच्या पायांकडे बघत होता. "अमावास्येच्या उपोसथाला प्रवचन तुम्हीच द्या."

संध्याकाळी दोघी मैत्रिणी स्वयंपाकघर आवरत होत्या. खामफोंगने पळी धुतली, पुसली आणि तेंगऑनपुढे धरली. "घे. सातशे पानं. निश्चय म्हणजे निश्चय."

तेंगऑनने पळी हातात घेतली. तिने आयुष्यात एका वेळी जास्तीत जास्त तीस माणसांचा स्वयंपाक केला होता. "सातशे म्हणजे... तांदूळ किती भिजवायचे गं?"

"मी कशाला सांगू? हुकूम तुझा!"

"खामफोंग, असं काय करतेस? तू बाजूला बस. सांगत राहा. मी पळी धरते."

"सांगत राहू? सलग?"

"घसा बसेपर्यंत!" तेंगऑन म्हणाली, आणि बारा दिवसांत खामफोंग पहिल्यांदा हसली.

अमावास्येला मंडप ओसंडून वाहत होता. लोक अंगणात, पायऱ्यांवर, झाडांवर! शिव्या खाल्लेले सगळे आले होते आणि शिव्या हुकलेलेही आले होते. खामफोंग पुढच्या आसनावर बसली. कुणीतरी तिच्यासमोर माईक ठेवला. तिने दोन दिवस प्रवचन पाठ केलं होतं. पेरणं, उगवणं, मिरची, गवत, सगळं. तिने तोंड उघडलं.

काही नाही.

तिने घसा खाकरला. माईकमधून तो मेघगर्जनेसारखा सगळ्या रानात घुमला. तिने पुन्हा तोंड उघडलं. शब्द होते, पण दारात अडकलेल्या म्हशींसारखे सगळे एकदम बाहेर पडायला बघत होते आणि एकही पडत नव्हता. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. डबक्यातले बेडूक तेवढे बोलत होते. तेंगऑन पहिल्या रांगेतून ओठ हलवून दाखवत होती, पे-रा-ल, पे-रा-ल. काही उपयोग नाही!

आणि त्या गाढ शांततेत मागच्या रांगेतून बुन्थोमची कुजबुज स्पष्ट ऐकू आली.

"शून्य! मे-चींनी शून्य दिला रे!"

खामफोंगला हसू फुटलं. ते माईकवरून रानभर पसरलं, मग पहिली रांग हसली, मग मंडप हसला, मग झाडावरचेही हसले. हसता हसता तिच्या तोंडून एकच वाक्य निघालं, "घरी जा रे बाबांनो, भात लावा!"

"साधू, साधू, साधू," थोरले भंते म्हणाले, आणि उपोसथाचं सर्वांत छोटं प्रवचन संपलं.

सोडतीच्या दुसऱ्या दिवशी विहारात चिटपाखरू नव्हतं. पंचावन्न लागला नव्हता, शहाऐंशी लागला नव्हता, मिरच्या, शिंका, संडासातली मिनिटं, काही काही लागलं नव्हतं. शून्यही नाही. तेंगऑनने टोपली खाली ठेवत हे सगळं सांगितलं. खामफोंग खलात पपई कुटत राहिली. तिला त्यात काडीचा रस नव्हता, हे तिच्या पाठीवरूनच दिसत होतं.

कुटता कुटता तिचा हात जरा मंदावला. तिने दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं. दूरवर झाडूचा आवाज येत होता.

"तेंगऑन," ती हळूच म्हणाली, "मग लागला तरी कुठला गं?"