रावसाहेबासाठी स्थळ

आमच्या शेजारचे आबा रोज सकाळी, चहाच्याही आधी, पोपटाचं वजन करायचे. उभी नोकरी साखर कारखान्याच्या काट्यावर गेली. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक, सगळं त्यांच्या नजरेखालून मोजून जायचं. रिटायर झाल्यावर केडगावच्या दोन खोल्यांत मोजण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सोनाराकडं असतो तसला इवलासा काटा आणला आणि त्यावर पोपट. पोपट चढला की आबा श्वास रोखून धरायचे. वजन भरलं की म्हणायचे, "काटा खोटं बोलत न्हाई." जरा कमी भरलं की दिवसभर गल्लीत सुतक.

पोपट म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर आला तो हिरवा नव्हे. अंग राखाडी, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर शेंदरी टिकल्या. दुकानदार त्याला कॉकाटील म्हणाला, गल्ली 'आबाची कोंबडी' म्हणायची. आबांनी मात्र मानानं नाव ठेवलं, रावसाहेब. वर्षभरानं रावसाहेबानं अंडं घातलं. दुसरा कुणी असता तर नाव बदलून मोकळा झाला असता. आबा म्हणाले, "एकदा ठेवल्यालं नाव बदलत न्हाईत." तेव्हापासून 'रावसाहेब जेवली', 'रावसाहेब रुसली' असं सुरू झालं. ऐकून ऐकून माझ्याही तोंडात तेच बसलं.

मी मंगल. त्यांच्या भिंतीला भिंत लागून माझं घर. ब्लाउज शिवते, आणि तोंडानं फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते. आबांचं-माझं पहिलं भांडण तव्यावरून झालं. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेनं पक्षी मरतो, असं त्यांनी मोबाईलवर ऐकलं आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरले.

"पोरी, ह्यो तवा आधी भाईर काढ."

"आबा, पक्षी तुमच्या घरात, तवा माझ्या घरात!"

"वाफंला भिंत कळती व्हय?"

गेला तवा माळ्यावर. लोखंडी तव्यावरची भाकरी नवऱ्याला आवडली, म्हणून मी गप्प बसले. नाहीतर त्या दिवशी आबांची काही खैर नव्हती.

गेल्या पावसाळ्यात आबा न्हाणीत घसरून पडले. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात दुसरं माणूस नाही. पुण्याहून मुलगा आला आणि म्हणाला, "आता पुरे. दिवाळी झाली की वाघोलीला चला." मुलगा चांगला आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. आबा म्हणाले, "येतो. पर आधी तिथं रावसाहेबासाठी डॉक्टर बघतो."

आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मागं एकदा रावसाहेबानं दाणापाणी सोडलं, तेव्हा आबा तिला जनावरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले होते. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाला, "आबा, माझा हात म्हशीत खांद्यापर्यंत जातो. हिला मी कुठं धरू?" रावसाहेब आपली आपणच बरी झाली, पण आबांनी धसका घेतला तो घेतलाच.

मग फोनाफोनी सुरू झाली. ओट्यावर बसून, स्पीकर लावून. सगळी गल्ली ऐकायची.

"डॉक्टर, पक्षी बघता न्हवं? बरं, ऱ्हाता कुठं? घर सोताचं का भाड्याचं? घरात कोन कोन असतं? मांजर हाय का? आन् सैपाकाला तवा कसला वापरता?"

एक डॉक्टर बिचारा घाबरून म्हणाला, "काका, माझं लग्न झालंय हो." आबा म्हणाले, "मग तर लई चांगलं. घरात बाईमानूस पायजेच." त्यानं फोन ठेवला तो परत उचललाच नाही. मी हसून हसून मशीनवर डोकं टेकलं. "आबा, औषध घ्यायचंय का पोरगी द्यायचीय?" आबा काही हसले नाहीत.

एके सकाळी धुवट टोपी घालून माझ्या दारात उभे. "मंगल, पुन्याला चल. बाईमानूस संगं असलं की आतल्या घरातलं कळतं."

"आणि रावसाहेब?"

"पयल्या खेपंला पोरगी नेत न्हाईत. आधी घर बघायचं."

घ्या! पक्ष्याच्या डॉक्टरकडं आम्ही दोघं एसटीनं निघालो, आणि पक्षी घरी, माझ्या नवऱ्याच्या ताब्यात.

पहिल्या डॉक्टरच्या दारात कुत्र्यांची रांग भुंकत होती. आबा पायरीवरूनच मागं फिरले. दुसऱ्याचा दवाखाना झकपक, पण बोलताना त्याची नजर मोबाईलवरनं हलेना. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "आपल्याकडं बघितलं न्हाई, तिच्याकडं काय बघंल?" तिसरी एक तरुण डॉक्टरीणबाई. खाली दवाखाना, वर ती आणि तिची आई, मागच्या पडवीला जाळी मारून आत लोकांनी सोडून दिलेले चार-दोन पक्षी. आबा तिथं ऐसपैस बसले. चहा घेतला, वर आणखी अर्धा घेतला. मग "माय, जरा तवा बघू का?" म्हणत त्या माउलीच्या स्वयंपाकघरातच गेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तवा लोखंडी निघाला. तिथून मुलाचं घर किती लांब ते बघायला काठी टेकत टेकत चालत गेले. मी मागून करवादतेय, रिक्षा करू म्हणून. मुलाच्या बिल्डिंगच्या गेटाला हात लावून म्हणाले, "जमलं. पायी येता येतं." आणि जिना न चढताच आम्ही परत फिरलो.

दिवाळीनंतर दुसरी खेप. या वेळी रावसाहेब आबांच्या मांडीवर, पिंजऱ्यावर धुतलेलं उपरणं. डॉक्टरीणबाईनं पंख उघडून बघितले, चोच बघितली, छातीला नळी लावली. म्हणाली, "तब्येत झकास आहे, आबा. सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या कमी करा." झालं, म्हणून मी पिशवी उचलली.

आबांनी त्यांच्या पिशवीतून नारळ काढला. त्याच्यावर खण. माझ्याकडूनच घेतलेला, मला वाटलं होतं सुनेसाठी असेल. दोन्ही त्या आईसमोर ठेवलं आणि हात जोडले.

"माय, पोर तुमच्या पदरात घातली. सांबाळून घ्या."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघायला लागली. मला तरी कुठं ठाऊक होतं!

"नातीला दमा हाय," आबा म्हणाले. "हिच्या पखांची पूड उडती. मे महिन्यात पोरगी आल्ती, रातभर बसून हुती, श्वास घेता येईना. लेक म्हनला, देऊन टाका कुनालातरी. आता कुनालातरी कशी देऊ? डॉक्टराच्या घरात दिली म्हंजी माझ्या जिवाला घोर न्हाई."

म्हणजे इतके महिने हा म्हातारा खरोखरच स्थळ बघत होता. मी उचललेली पिशवी परत खाली ठेवली.

डॉक्टरीणबाई काहीतरी बोलायला गेली, पण तिची आई पुढं आली. तिनं पदर पसरून नारळ-खण त्यात घेतला. म्हणाली, "बसा, चहा ठेवते."

"आता न्हाई, माय," आबा म्हणाले. "लेकीच्या घरचं पानी बाप पीत नसतो."

आम्ही पायऱ्या उतरलो तशी आतून रावसाहेबानं शीळ घातली. आबा अंगणात गेले की ती अशीच हाक द्यायची, आणि आबा तशीच शीळ घालून ओ द्यायचे. आज दिली नाही. ती परत परत बोलवत राहिली. आबा काठी टेकत रस्त्यापर्यंत आले आणि म्हणाले, "आज ओ दिली आस्ती, तर येड्यावानी दाराकडं बघत बसली आस्ती."

आबांचं सामान बांधायचं राहिलं होतं, म्हणून परतीची एसटी धरली. आबा खिडकीशी बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मंगल, बापानं लेकीकडं कितींदा जावं गं? सारखं गेलं तर बरं दिसत न्हाई म्हनत्यात."

माझा बाप पारनेरकडचा. वर्षाकाठी एकदा येतो, बाजरीची पिशवी दारात ठेवतो, उभ्या उभ्या बोलतो आणि पुढची गाडी सापडायची म्हणून निघतो. रीतभात पाळणारा माणूस. तो गेला की मी दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही.

मी म्हटलं, "रोज जावं, आबा. लेक वाटच बघत असते."

"व्हय?" एवढंच म्हणाले, आणि शिरूर येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून रडत राहिले.