आजीचा मुक्काम

पौडाला माझ्या मामाचं लग्न लागलं, शेवटच्या अक्षता पडल्या आणि नवऱ्या मुलाची आई मांडवातून नाहीशी झाली. नवरीकडचे लोक हादरले. कुणी म्हणालं रुसली, कुणी म्हणालं चक्कर आली. शोधायला धावलेल्या माणसाला ती आपल्या गावच्या, मालेच्या रस्त्याने झपाझप चाललेली सापडली, पदर खोचलेला आणि पायताणं हातात.

“अवं, जेवला तरी का?” त्याने विचारलं.

“घरी जेवीन. घरात कुणी न्हाई.”

ही माझी आजी, आईची आई. स्वतःच्या पोराच्या लग्नाचं जेवण जिने सोडलं, ती दुसऱ्या कुणाकडे मुक्काम कशाला करील? आम्ही जवळच, चांद्याला राहायचो. माझ्या बारशाला ती आली, पाळण्याला हात लावला, कानात कुर्र केलं आणि परत निघाली. जत्रा असो की मयत, दिवस मावळायच्या आत ती आपल्या उंबऱ्यात हजर असायची.

मामाने एकदा पुण्याहून चांगलं पितळी कुलूप आणलं. म्हणाला, आता सगळे मिळून कुठेतरी जाऊ. आजीने ते हातात तोलून पाहिलं आणि लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवून दिलं. वर्षभर कैऱ्या मात्र छान दबून राहिल्या.

मामीचं मत वेगळं होतं. “आत्याबायचा जीव तुपाच्या गाडग्यात हाय,” ती माझ्या कानात सांगायची, “त्या गेल्या तर मी समदं खाईन, ह्याचं भ्या.” मला ते पटायचं. सुट्टीत गेले की मीही त्या गाडग्याकडे बघून म्हातारीला मनात चिक्कू म्हणत असे.

तिचा सगळा दिवस उंबऱ्यात जाई. तांदूळ निवडायचे ते उंबऱ्यात, वाकळ शिवायची ती उंबऱ्यात. समोरच्या वाटेने डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई दिसली की हाक ठरलेली. “कुणाची गं तू? म्हायेरी निगालीस का सासरी?” माहेरी निघालेलीला गूळपाणी मिळे आणि वर “बिगीबिगी जा, आई वाट बगती.” सासरी निघालेलीलाही गूळपाणी मिळे, पण तिला “बस की जरा. सासर काय पळून जातंय व्हय?” असं म्हणून तासभर अडकवून ठेवी. त्या बायकांना पुढे किती बोलणी खावी लागली असतील, देव जाणे.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. ती कुणाला सांगेना. माणसं पावलांवरून ओळखते, असा तिचा तोरा होता. एका दुपारी देवी टोचणारा डॉक्टर गावात आला. डोक्यावर पांढरी छत्री, काखेत पिशवी. तो दारात येतो न येतो तोच आजी भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन पुढे झाली. तुकडा त्याच्या तोंडावरून ओवाळून टाकला, पायमोज्यांसकट बुटांवर पाणी ओतलं आणि त्याचे गाल कुरवाळून म्हणाली, “लई बारीक झालीस गं हौसे!”

डॉक्टरला मिशा होत्या. आम्ही पोरं हसून गडाबडा लोळलो. माझी आई तेवढी हसली नाही.

हौसा म्हणजे माझी धाकटी मावशी. तिला ताम्हिणीपलीकडे, पार कोकणच्या उतरणीला दिली होती. लग्नात तिच्या सासऱ्याच्या चुलत्याला फेटा बांधायचा मामा विसरला. तेवढ्यावरून सासरा हटून बसला, सून माहेरी पाठवणार नाही. त्याला सहा वर्षं झाली होती. मामा दोनदा फेटा घेऊन माफी मागायला गेला आणि दोन्ही वेळा फेट्यासकट परत आला.

आई मामाला म्हणाली, “आता ऑपरेशन केलंच पायजे.” पुण्याला जाऊन आठ दिवस दवाखान्यात पडून राहायचं, हे ऐकताच आजी उसळली.

“आठ दीस? अन् हौसी आली तर?”

“वहिनी हाय की घरात.”

“ती भावजय हाय.” मामीने आतून भांडं आपटलं. आजीने लक्ष दिलं नाही. मग आवाज खाली आणून ती जे बोलली, ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

“लगीन झाल्यावर दोन सालांनी म्हायेरी गेलते मी. डोईवर आईसाटी तांदळाचं पीठ. गावात एक चूल पेटल्याली न्हाई. गाव धरणात जायचं म्हून समदी उठून गेलती. हितं सासरी समद्यांस्नी ठावं हुतं, पर लावणीला मानूस कमी पडंल म्हून कुनी बोललं न्हाई. आईच्या उंबऱ्यावर बसून ऱ्हायले दुपारपातुर. फुडं आई भेटली, पर लोकाच्या दारात. हौसीला तसं नगं.”

मला माझीच लाज वाटली. ते तूपही ती लेकींसाठीच साठवत होती, हे मला तेव्हा उमगलं.

आई डोळे पुसून म्हणाली, “मी बसते उंबऱ्यात. आठ दीस हलत न्हाई. तू जा.”

आजीने पुष्कळ विचार केला. तिच्या अटी लांबलचक होत्या. हौसा आली की आधी तुकडा ओवाळायचा. का आली नाहीस म्हणून विचारायचं नाही. रडायला लागली तर रडू द्यायचं. एवढं तीनदा घोकून घेऊन ती मामाबरोबर एस.टी.त चढली.

आई खरंच आठ दिवस उंबऱ्यात बसली. मीही बसले. वाटेने गाठोडं दिसलं की आम्ही दोघी उठून उभ्या राहायचो.

नवव्या दिवशी मामाने आजीला हाताला धरून आणलं. डोळ्यांवर हिरवं फडकं होतं. अंगणातूनच तिने विचारलं, “आलती का गं?”

आईने मान हलवली. मग तिला दिसत नाही हे लक्षात येऊन ती हळूच म्हणाली, “न्हाई गं आई.”

आजीने उंबरा चाचपला, त्यावर टेकली आणि मोठा श्वास सोडला.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. “मी नसताना आली न्हाई.”