काटकसरीचा निरोप समारंभ

कर्ज फेडणं यात अवघड काय आहे हो? काही नाही! मनाचा निग्रह लागतो, बस्स! हे मी बायकोला म्हणालो, तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मलाच पाणी आणून द्यावं लागलं.

तिच्या हसण्याला कारण होतं, हे मान्य. बँकेचं कर्ज काढून मी एक दुर्बीण घेतली होती. शनीची कडी बघायची म्हणून! तिच्यातून फक्त समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. टाकी मात्र फार स्पष्ट दिसते. शिवाय एक कॉफीचं यंत्र घेतलं होतं. ते चालू केलं की शेजारचे लोक दार उघडून बाहेर बघतात.

"पुरे झालं! आजपासून साधी राहणी," मी जाहीर केलं. "प्रत्येक खर्चाआधी स्वतःला विचारायचं, याची खरंच गरज आहे का?"

"हे घेताना का नाही विचारलंस?" बायकोने दुर्बिणीकडे बोट दाखवलं. निग्रही माणसाने अशा प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात.

बस सोडली, पायी ऑफिसला जाऊ लागलो. डब्यात उकडलेल्या भाज्या, त्याही मीठ बेताचं घालून. पोट आत गेलं, गाल बसले, पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडली. ऑफिसात पोचेपर्यंत माझा चेहरा धुऊन धुऊन विटलेल्या टॉवेलसारखा दिसायचा.

आणि मी फक्त स्वतःला सुधारून थांबणारा माणूस नव्हे! आमची कंपनी फरशा आणि वॉशबेसिनं विकते, मी माल रवाना करण्याच्या विभागात आहे. तिथे कुणी बाहेरून खायला मागवलं की मी त्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहायचो. "खरंच गरज आहे का याची?" लोक मला बघून डबे घेऊन जिन्यात जाऊ लागले. मी जिन्यातही गेलो.

मग विचार आला, केस कापायला दर महिन्याला पैसे का मोजायचे? सवलतीत एक कटिंग मशीन घेतलं आणि बायकोच्या हातात दिलं. दोन मिनिटं सगळं छान चाललं. मग ती म्हणाली, "अय्या!"

ज्याच्या हातात आपलं डोकं आहे त्याने 'अय्या' म्हणू नये.

"काय झालं?"

"काही नाही रे. मशीनचं ते दातांचं टोपण निसटलं."

आरशात पाहिलं. कपाळापासून मानेपर्यंत मधोमध अशी पट्टी, की विमान उतरवावं! मग काय, सगळंच सपाट करावं लागलं. त्या भरात डावी भुवईही गेली. "एकच बरी दिसत नाही," म्हणून तिने उजवीही उडवली. उकडलेलं अंडं शर्ट घालून बसावं तसा मी दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायकोचा फोन आला. मी पॅसेजमध्ये जाऊन बोललो. "अगं, बोललो मी त्यांच्याशी. आता वर्षच राहिलंय. मग कायमची सुटका! ...नाही, लवकरही संपेल कदाचित. ...मुलांना कशाला सांगायचं? ...आणि ती दुर्बीण कुणाला तरी देऊन टाक. आता काय करायचीय?"

मागे वळलो तर बिलिंगमधला भोंगा उभा. याला भोंगा म्हणतात, कारण याच्या कानात सांगितलेली गोष्ट थेट गोदामापर्यंत ऐकू जाते. त्याने माझ्या डोक्याकडे बघितलं, गायब झालेल्या भुवयांकडे बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"आधी का नाही सांगितलं?" त्याने विचारलं.

"अरे, अशा गोष्टी काय गावभर सांगायच्या असतात?" मी हसून म्हणालो.

त्या दिवसापासून ऑफिस बदललं! माझ्यासाठी खुर्च्या ओढल्या जाऊ लागल्या. माझ्यासमोर कुणी चमचमीत खाईना. गोदामवाले काका दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हते. एका फुटक्या बेसिनवरून आमचं वाजलं होतं. तेही जवळ येऊन म्हणाले, "चूक माझीच होती. मनात ठेवू नका." मी ओळखलं, साध्या राहणीचं तेज पडतंय लोकांवर! साहेब तर माझा हात हातात धरून म्हणाले, "तुमच्याकडून खूप शिकण्यासारखं आहे. शुक्रवारी छोटासा कार्यक्रम ठेवलाय. वहिनींनाही बोलावलंय."

सत्कार! मी घरी आरशासमोर भाषण पाठ केलं.

शुक्रवारी सगळं ऑफिस गोळा झालं. बायको आली तशी ऑफिसातल्या बायकांनी तिला घेरलं. "वहिनी, धीर सोडू नका."

"धीर? तो कधीच सुटलाय!" बायको म्हणाली. "आता फक्त हे एकदाचं संपतंय कधी, याची वाट बघतेय. संपलं की मी पहिल्यांदा आठवडाभर फिरायला जाणार!"

बायका दोन पावलं मागे सरकल्या.

मी बोलायला उभा राहिलो. "मित्रहो, जाताना आपण बरोबर काय नेणार आहोत?" पहिल्याच वाक्याला भोंग्याचा हुंदका! मला चेव आला. "मी तर आत्तापासूनच वस्तू वाटायला काढल्यात. मन कसं हलकं झालंय! माझं ऐका, तुम्हीही याच वाटेने या!" आता साहेबही रुमालात तोंड खुपसून रडू लागले. मी थक्क! काटकसरीवर इतकं रडणारे लोक मी पाहिले नव्हते.

मग साहेबांनी जाडजूड पाकीट माझ्या हातात ठेवलं. "आमच्या सगळ्यांकडून. उपचारांसाठी."

"कसले उपचार?"

"आता कशाला लपवता? तुम्हीच नाही का फोनवर म्हणालात, वर्षच राहिलंय?"

"अहो, कर्जाचं!" मी ओरडलो. "बँकेचे हप्ते! मला काहीही झालेलं नाही! मी ठणठणीत आहे!"

तुम्हाला वाटेल, लोकांना आनंद झाला असेल. एक माणूस वर्षभरात मरणार होता, तो मरत नाहीये! पण सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या खिशात हात घालताना सापडलोय.

"आणि हे डोकं?" भोंगा कडाडला.

"ते मी कापलंय," बायको अभिमानाने म्हणाली.

गोदामवाले काका उठले. "ती माफी मी परत घेतो. बेसिन तुम्हीच फोडलं होतं!"

"चुकलं, पाकीट परत करतो," मी म्हणालो. तिथेच रांग लागली. कुणी किती दिले याची नोंद नव्हती. दानाची नोंद कशी ठेवणार, बरं दिसतं का ते! म्हणून ज्याने जो आकडा सांगितला तो मी परत देत गेलो. भोंग्याने सांगितलेला आकडा ऐकून मला त्याच्या पगाराबद्दल नव्याने आदर वाटला. मघाशी मुसमुसणारी माणसं छाती पुढे काढून आकडे सांगत होती. निम्मी रांग सरली आणि पाकीट रिकामं!

मागचे लोक हलेनात. बायको खिडकीबाहेर बघू लागली. शेवटी मी साहेबांना बाजूला घेतलं आणि उरलेल्यांचे पैसे द्यायला त्यांच्याकडेच उसने मागितले.

साहेब लगेच तयार झाले. माणूस मनाचा मोठा! व्याज मात्र लावणार म्हणाले. मी आजारी असतो तर घेतलं नसतं.