पोटाची हजेरी

आमचे वाकोडे सर हजेरी घेतात तेव्हा पोरांनी ‘हजर’ म्हणायचं नसतं. सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. “ज्वारीची भाकर.” “चहा-टोस.” “काई नाई, सर.” काई नाई म्हणणाऱ्याच्या हातावर लगेच शेंगदाण्याचा लाडू पडतो, आणि मगच पाढे सुरू होतात.

मोताळा तालुक्यातल्या या शाळेत शेजारचा वर्ग माझा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी स्वतःच हजेरी घेतली. पहिलं नाव पुकारताच उत्तर आलं, “शिळी भाकर अन् ठेचा.” साहेबांनी चष्मा काढून पुसला. सर अदबीने पुढे झाले. “अन् साहेब, तुमी काय खाऊन आले?” साहेब उपाशीच निघाले होते. त्यांनाही लाडू मिळाला.

दुसरीतली कविता रोज नुसता कोरा चहा पिऊन यायची. आजारी नव्हती. वजनाच्या तक्त्यात ‘थोडी कमी’, म्हणून तिची काळजी कुणालाच नव्हती. पण वजाबाकी मांडेपर्यंत तिचे डोळे पेंगायचे. शेवटी तिची आई शाळेत आली.

“सर, इले डोस्कंच नाही. दिवाळीनंतर बकऱ्यामांगं धाडतो.”

“थोडं कमी म्हणजे कमीच ना, माय,” सर म्हणाले. “मले दिवाळीपर्यंत टाइम दे. अन् तिचा कोरा चहा बंद कर.”

मग कविताला रोज लाडू आणि उकडलेलं अंडं. मी चिडवलं, “सर, अंड्यानं अक्कल येते का हो?”

“अक्कल तिचीच हाये, मॅडम. अंडं तिले जागी ठेवते.”

दिवाळीच्या सुट्टीआधी आई कविताचं नाव काढायला आली, तेव्हा सर फळ्यावर बेरीज करत होते. कविता उठून म्हणाली, “सर, तुमचा हातचा राह्यला.” वर्ग खो-खो हसला. सरांनी खडू तिच्या हाती दिला. आई दारातूनच म्हणाली, “राहू द्या सर. येऊ द्या तिले शाळेत.” त्या दिवशी सगळ्या शाळेला दोन-दोन लाडू.

मला इतका आनंद झाला होता, आणि सर मात्र ओट्यावर बसून डोळे पुसत होते. “काऊन हो सर?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पोरीले मी भर वर्गात मठ्ठ म्हणलो, मॅडम. ती घरीच बसली. काय खाऊन येते, मी इचारलंच नव्हतं. आता मोताळ्याच्या बाजारात भाजी इकते. मी एकटा जीव, पण दर बाजाराले थैली भरून तिच्यापासूनच घेतो. वरून सांबाराची, तुमच्या कोथिंबिरीची, जुडी टाकते ती. म्हणते, सर, शाळेत तुमीच एक चांगले होते.”