दोरीवरचा अंदाज

उभा जन्म वेधशाळेत काढलेल्या काकांची एका बाबतीत पक्की खात्री होती: जे वादळाचं आधी सांगता येतं, ते बायकोचंही येतं. गरजही तशीच होती. धाकट्या बहिणीला ते परस्पर "ये की महिनाभर राहायला" म्हणून बसले होते, आणि ते काकूंच्या कानावर घालायला त्यांना एक निरभ्र दिवस हवा होता.

मग काय, निरीक्षणं सुरू. काकूंनी दार कसं लावलं, भांडं कसं ठेवलं, "हं" केवढ्याने म्हटलं. रोज सकाळी काका अंदाज बांधत आणि गॅलरीतल्या दोरीला तसा नॅपकिन लावत. पांढरा म्हणजे खुशाल या, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे बाहेरच जेवून या. सोय मुलासुनेसाठी होती. पण काकांनी ती मोठ्या कौतुकाने खालच्या शिंप्यालाही सांगितली, आणि शिंप्याच्या पोटात काही राहत नाही.

अंदाज एकदाही चुकला नाही. लाल लागला की चहा निवायच्या आत काकू कडाडल्याच म्हणून समजा. वेधशाळेत काकांना असं यश कधी मिळालं नव्हतं, त्यामुळे ते हरखून गेले. अडचण एवढीच, की पांढरा काही लागेना. बहीण यायचा दिवस उजाडला, तरी दोरीवर लालच.

खालून हाक आली. "दादा, लाल दिसतोय रे. वर येऊ, का इथेच बसू?"

काकू गॅलरीत आल्या. खाली नणंद, दोन बॅगा, आणि तिच्यासाठी स्टूल पुसणारा शिंपी.

"लाल म्हणजे काय?"

काकांनी सगळं सांगून टाकलं. दुसरं करणार काय?

काकू मटकन खुर्चीत बसल्या. "तो माझा होता होय? मला वाटलं, तुमचं मन तुम्हाला खातं त्या दिवशी तुम्ही लाल लावता. म्हणून दोरी बघितली की मी तुमचा घोळ शोधायला लागायचे. आणि रोज काहीतरी सापडायचंच."

काकांचा सगळा अनुभव तिथल्या तिथे वाहून गेला.

काकूंनी वाकून नणंदेला सांगितलं, "ये गं वर. तुझ्यावर कशाला चिडू मी?" काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पांढऱ्या नॅपकिनला हात घातला.

"राहू दे तो," काकू म्हणाल्या. "आज मी लावते." आणि लालच्या शेजारी त्यांनी दुसरा लाल लावला.

शिंप्याने वर पाहिलं आणि स्टूल पुन्हा एकदा पुसलं. "काका, या," तो म्हणाला, "बसा."