न तुटणारी भाकरी

"आधी कागद, मग भाकरी!" शिवानीनं सासूला ठणकावून सांगितलं. पुण्याच्या कंपनीत तिनं इतकी वर्षं हेच केलं होतं. नवी वस्तू कशी हवी ते चार जणांना विचारायचं, सगळं लिहून काढायचं आणि मगच कामाला लागायचं. आता नोकरीवर पाणी सोडून ती सोलापुरात सासूच्या कडक भाकरीचा धंदा उभारणार होती. ठाण्याच्या ओकांच्या दुकानांची ऑर्डर मिळाली तर धंदा, नाहीतर मुकाट्यानं पुन्हा नोकरी!

"भाकरीला कागद कशाला गं?" अक्कम्मा म्हणाली. "पीठ लागतंय, जाळ लागतोय."

"आत्याबाई, भाकरी कशी पाहिजे तेवढं सांगा."

"तुटू नये, एवढंच की! होटगीला जावेकडं धाडली, तर पिशवीत नुसता भुगा पोचला."

लिहिलं! शेजारीण म्हणाली, सादळू नये. नवरा प्रभु म्हणाला, "कुरिअरवाले पार्सल फेकतात, वरून पडली तरी टिकली पाहिजे." तेही लिहिलं! शिवानी एकेका मागणीच्या हात धुऊन मागे लागली. भाकरी जाड केली, दुप्पट भाजली, कडकडीत उन्हात वाळवली. गच्चीवरून टाकली. तुटली! मग आणखी जाड केली. शेवटी एक भाकरी अशी पडली, की खालची तुळशीची कुंडी फुटली आणि भाकरी शाबूत! पोटच्या पोरानं पहिला नंबर काढावा तशी शिवानी नाचली.

चव तर घरात रोज बघत होतेच. भाकरी ताटात घ्यायची, मुक्की हाणायची, चुरा शेंगांच्या आमटीत भिजू द्यायचा आणि ओरपायचा. हल्ली मुक्कीच्या जागी बत्ता लागायचा, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. "लई बेस!" म्हणून अक्कम्मा बोटं चाटायची.

ओकसाहेब आले. शिवानीनं कागद वाचून दाखवला. साहेब खूश! अक्कम्मा आमटी आणायला आत वळली आणि इकडे साहेबांनी बिस्किट उचलावं तशी भाकरी उचलून कचकन चावा घेतला.

कट्ट!

भाकरीवर ओरखडासुद्धा नव्हता. साहेबांचा पुढचा दात मात्र बशीत!

"अय्यो शिवा!" आमटीचं पातेलं घेऊन अक्कम्मा दारातच थबकली. "अवो सायेब, चावताय काय? चुरून खायची अस्तीय की!"

"हे कुठं लिहिलंय?" साहेब तोंड धरून कळवळले.

शिवानीनं कागद वरखाली केला. सगळं होतं, पण खायची कशी तेवढं नव्हतं! सोलापुरात ते कुणी कुणाला सांगतं का? सगळं मुसळ केरात!

गल्लीच्या टोकाला दाताच्या डॉक्टर दाक्षायणीबाईंचा दवाखाना होता. शिवानीनं साहेबांना तिथं नेलं, ती भाकरी हातात तशीच! साहेब तिथून तोंडात कापूस धरून निघाले ते थेट स्टेशनावर. ऑर्डरचं नाव कोण काढणार! शिवानीला रडू कोसळत होतं. पण पोरगी चिवट! तिथल्याच बाकावर बसून तिनं कागदाच्या माथ्यावर लिहिलं, 'चुरून, भिजवून खावी.'

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. शिवानीजवळची भाकरी त्यांनी हातात घेऊन टेबलावर वाजवून पाहिली.

"ही विकणार तुमी?"

"हो!"

"मग दर महिन्याला माझी खोकंभर धरा. येईल त्याला वाटते."

पहिली ऑर्डर! शिवानीनं डोळे पुसले आणि पेन सरसावलं. "तुमची काही खास मागणी, डॉक्टर?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावर नजर टाकली.

"एकच हाय. ती वरची ओळ तेवढी खोक्यावर छापू नका!"