पुढचं मागे

आईचा केक पुसट होत चालला होता. म्हणजे त्याची कृती. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि वहीतल्या त्या पानावरचे लोण्याचे डाग अक्षरांना गिळत निघाले होते. तेव्हा नुकत्याच निवृत्त झालेल्या मुलानं ते पान जपायचं मनावर घेतलं. छत्तीस वर्षं त्यानं कचेरीत नकाशे काढले होते. कुठलीही गोष्ट सपाट करून चिकटवली की ती सुरक्षित झाली, अशी त्याची श्रद्धा होती. त्यानं पान कापलं, प्लायवूडवर सुतारी सरसानं डकवलं, वर काच बसवली आणि भोवती स्वतः तासलेली चौकट ठोकली.

"बाबांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला देऊ," तो बायकोला म्हणाला. "सोबत तोच केक. आई गेल्यापासून त्यांनी केकचं नाव काढलेलं नाही."

वाढदिवसाच्या सकाळी बायकोनं चौकट ओट्यावर उभी केली आणि वाचून वाचून मैदा, साखर, लोणी मोजलं. शेवटच्या ओळीपाशी ती अडली.

"अहो, हे 'पुढचं मागे' काय आहे?"

"सुविचार असेल. आईला सवय होती."

"कसला सुविचार! पुढची कृती पानाच्या मागच्या बाजूला आहे, असं लिहिलंय त्यांनी!"

मुलानं चौकट उलटी केली. मागे प्लायवूड होतं.

"चिकटवताना मागची बाजू बघितली नाहीत?"

"बघितली की! सरस तिथेच लावायचा होता."

बायको ग्रंथालयात नोकरीला होती. पुस्तकांचे पुष्कळ शत्रू तिनं पाहिले होते. त्यातल्या एकाशी आपला संसार चालू आहे, हे तिला आज कळलं.

मग काच निघाली. सुरीच्या पात्यानं एक कोपरा उचकटला. कोपराच हातात आला. बायकोचा केस वाळवायचा पंखा फिरवून पाहिला. सरस आणखी घट्ट झाला.

"वाफ देऊ," मुलगा म्हणाला. "पाकिटावरची तिकिटं सुटतात तशी."

"शाईचं पेन आहे हो ते!"

"शाई जुनी आहे. मुरलेली असते."

"काय खुडबुड चाललीय रे?" आतून बाबांनी विचारलं.

"काही नाही बाबा, पडा तुम्ही!" दोघं एका सुरात ओरडली.

किटलीची वाफ लागताच पान सुटलं. आधी शाई सुटली, मग पान. 'मैदा' साखरेत उतरला, साखर लोण्यात, आणि खाली निळं तळं साचलं. मागच्या बाजूचा लगदा प्लायवूडला धरून बसला. त्यात अक्षर म्हणून एक उरलं नाही.

मुलगा लगद्याकडे बघत राहिला. शेवटी बायकोच आत गेली आणि केकची कृती वाचता येत नाही, एवढंच बाबांना म्हणाली.

"कृतीच ना?" बाबा उठून बसले. "लिही. आधी लोणी-साखर पांढरी होईपर्यंत फेटायची. वीस मिनिटं. तिचा हात दुखायचा, म्हणून ते माझ्याकडे होतं. चाळीस वर्षं."

"बाबा, तुम्हाला येते? मग कधी बोलला नाहीत!"

"विचारलंत कधी? मी तोंड उघडलं की पडा म्हणता."

केक झाला. हुबेहूब झाला, अगदी मधे थोडा बसण्यापर्यंत. बाबांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि बोटं पुसली.

"आता ती वही आण. ते पान बघतो जरा. कृती पाठ आहे रे, पण तिचं अक्षर बघून बरेच दिवस झाले."

मग मुलानं आतून प्लायवूड आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी चष्मा लावला. निळ्या डागावरून बोट फिरवलं, जिथून ओळी सुरू व्हायच्या तिथून.

"जपायला गेलो होतो, बाबा," मुलगा म्हणाला.

"दिसतंय." बाबांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "एक कर. मला जपू नकोस."

प्लायवूड मात्र त्यांनी मांडीवरून उचलू दिलं नाही.